पदवी कुठली, प्रमाणपत्र कुठलं, पासपोर्ट कुठला

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, प्राणिशास्त्रात पदवी घेतलेला २२ वर्षांचा मुलगा दक्षिण कोरियात जाऊन शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवू शकतो. त्याने आयुष्यात कधी हातात खडू धरला नसला तरी चालतं. पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या, सेट उत्तीर्ण असलेल्या आणि १० वर्षं महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला मात्र तेवढ्या भांडवलावर त्या वर्गात पाऊल टाकता येत नाही. कोरियाचा 'ई-२' हा भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी हवीच, पण ती कोणत्याही विषयाची चालते. पासपोर्टचं मात्र तसं नाही.

परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्या मराठी तरुणांना ही गोष्ट बहुधा फार उशिरा कळते. तोवर कुठल्यातरी कोर्सला पैसे भरून झालेले असतात. म्हणून या प्रकरणात आधी एक फरक नीट लक्षात घेऊ. परदेशी शिक्षकाची पात्रता दोन वेगळ्या टेबलांवर तपासली जाते. पहिलं टेबल त्या देशाच्या व्हिसा खात्याचं. तिथल्या अधिकाऱ्याला तुम्ही कसं शिकवता याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला पदवी, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला आणि त्यांवरचे शिक्के पाहायचे असतात. दुसरं टेबल शाळेचं किंवा विद्यापीठाचं. तिथे मुख्याध्यापक किंवा विभागप्रमुख बसलेला असतो आणि त्याला उद्या सकाळच्या तासाला वर्ग सांभाळणारा माणूस हवा असतो. तो प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पाहतो, अनुभव पाहतो, जमलं तर नमुन्याचा पाठ घ्यायला लावतो. एका टेबलावर चालणारा कागद दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

व्हिसा खातं पदवीवर एवढं अडून का बसतं? शिकवण्याची कला मोजायचं साधन त्याच्याकडे नाही. पदवी आहे की नाही, हे मात्र एका पत्राने पडताळता येतं. म्हणून अर्थशास्त्र असो, संगीत असो की यंत्र अभियांत्रिकी, पदवी असली म्हणजे माणूस शिकलेला, असं धरून बहुतेक आशियाई देशांनी नियम केले. जपानने १९८७ साली सुरू केलेल्या 'जेट' या सरकारी योजनेतही हेच दिसतं. परदेशी पदवीधरांना जपानच्या शाळांत भाषेचे सहायक शिक्षक म्हणून नेणाऱ्या या योजनेला पदवी लागते, शिकवण्याचं प्रमाणपत्र लागत नाही. असेल तर निवडीत उपयोग होतो, इतकंच.

जपानच्या नियमांत मराठी वाचकाने बारकाईने वाचावं असं एक कलम आहे. तिथल्या शाळांमध्ये परकी भाषा शिकवण्यासाठी 'इन्स्ट्रक्टर' नावाचा निवास-परवाना असतो. त्या परवान्यावर भाषा शिकवणाऱ्याचं स्वतःचं किमान १२ वर्षांचं शिक्षण त्याच भाषेतून झालेलं असावं लागतं. आता आपल्याकडच्या एखाद्या हुशार मुलीचा हिशेब मांडून पाहा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालय, तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए. इंग्रजी माध्यमाची वर्षं भरली सात. तिचं इंग्रजी कितीही उत्तम असो, शेक्सपिअर तोंडपाठ असो, या कलमाच्या हिशेबाने ती अपात्र ठरते. पहिलीपासून इंग्रजी शाळेत गेलेली आणि कशीबशी पदवी काढलेली तिची शेजारीण पात्र ठरते. खासगी संभाषण-वर्गांत शिकवणाऱ्यांचा परवाना वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्याच्या अटीही वेगळ्या असतात, त्यामुळे जपानचा विचार करणाऱ्याने नोकरी देणारी संस्था कोणत्या परवान्यावर बोलावते आहे हे पहिल्याच पत्रात विचारावं.

चीनमध्ये २०१७ पासून परदेशी कामगारांची अ, ब, क अशी वर्गवारी आहे. भाषाशिक्षक साधारणपणे ती भाषा जिथली मातृभाषा आहे त्या देशाचा नागरिक असावा, पदवीधर असावा आणि त्याच्याकडे दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी तिथली अपेक्षा. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा मान्य प्रशिक्षण असेल तर अनुभवाची अट सैल होते. २०२१ च्या जुलैमध्ये चीन सरकारने शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि परदेशी शिक्षकांच्या हजारो नोकऱ्या त्या बाजारासोबत गेल्या. या क्षेत्रात नोकरी किती टिकेल हे शिक्षकाच्या गुणवत्तेवर जितकं अवलंबून असतं तितकंच दुसऱ्या देशाच्या धोरणावर, हे त्या वर्षी अनेकांना महागात पडून कळलं.

मग आपल्याला दार कुठे उघडं आहे? व्हिएतनाम आणि थायलंड या दोन देशांत ते बऱ्यापैकी उघडं आहे. व्हिएतनामला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांकडून भाषेच्या पातळीचा पुरावा लागतो. सात देशांची भिंत नाही. फिलिपिन्सचे शिक्षक तिथे मोठ्या संख्येने आहेत. थायलंडमध्ये शाळेत शिकवायला 'खुरुसफा' या शिक्षक परिषदेचा परवाना लागतो. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांना काही काळापुरती सूट मिळते. मातृभाषा इंग्रजी नसेल तर टोइक किंवा आयेल्ट्ससारख्या परीक्षेचे गुण मागतात. बी.एड. झालेल्या माणसाला थायलंडमध्ये ही सूट मागत बसावं लागत नाही, आणि इथे आपल्या बी.एड.ची खरी किंमत दिसू लागते.

कोरियाचंही दार पूर्ण बंद नाही. भारत आणि कोरिया यांच्यात २०१० च्या जानेवारीपासून लागू झालेला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार आहे. तो व्यापाराचा करार म्हणून ओळखला जातो, पण त्यात भारतीय शिक्षकांसाठी छोटी वाट ठेवलेली आहे : पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता असलेला भारतीय नागरिक तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून ई-२ व्हिसासाठी अर्ज करू शकतो. म्हणजे आपल्या पुण्याच्या प्राध्यापिकेकडे बी.एड. असतं तर चित्र थोडं वेगळं झालं असतं. एम.ए. आणि सेटने जे दार उघडलं नाही ते बी.एड. ढकलू शकतं. परदेशाचं नाव काढलं की बी.एड.ला कमी लेखणाऱ्यांनी याचा विचार करावा.

फ्रान्सची वाट आणखी निराळी आहे. तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजीचे भाषा-सहायक म्हणून दर वर्षी परदेशी तरुण जातात आणि त्यांत भारतातलेही असतात. आठवड्याला १२ तास, ऑक्टोबर ते एप्रिल. याला शिक्षणशास्त्राची पदवी नको, पण कामापुरती फ्रेंच यावी लागते. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांनी ही योजना जरूर पाहावी. पगार बेताचा असतो, पण परक्या मुलांसमोर उभं राहण्याचा अनुभव खरा असतो.

आता दुसऱ्या टेबलाकडे येऊ. इथे सर्वाधिक वेळा ऐकू येणारं नाव म्हणजे सेल्टा. या प्रमाणपत्राची गोष्ट स्पेनमध्ये सुरू होते. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांची पत्नी ब्रिटा यांनी १९५३ मध्ये कोर्दोबा शहरात एक लहानशी इंग्रजी शाळा काढली. १९५९ मध्ये ते लंडनला आले आणि त्यांच्या शाळेचं पुढे 'इंटरनॅशनल हाउस' झालं. शिक्षकांची चणचण होती. येणारे तरुण इंग्रजी बोलत, पण ती शिकवायची कशी हे त्यांना माहीत नसे. इंग्लंडच्या शाळांसाठी असलेलं शिक्षक-प्रशिक्षण परदेशी प्रौढांच्या वर्गाला उपयोगी नव्हतं. म्हणून १९६२ मध्ये हेक्राफ्ट दांपत्याने दोन आठवड्यांचा एक अभ्यासक्रम बेतला. त्यात भाषाशास्त्राची व्याख्यानं कमीत कमी होती. पहिल्या दिवसांपासून शिकाऊ शिक्षकाला खऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसमोर उभं करायचं, मागच्या बाकावर बसून त्याचा पाठ पाहायचा आणि तास संपल्यावर लगेच त्यावर बोलायचं, अशी पद्धत. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने हा अभ्यासक्रम आपल्या छत्राखाली घेतला आणि १९८८ मध्ये तो केंब्रिजकडे गेला. आजचा सेल्टा तो हाच.

आजही त्याचा कणा तोच आहे. किमान १२० तासांचं प्रत्यक्ष शिक्षण आणि त्यातले सहा तास शिकाऊ शिक्षकाने स्वतः शिकवलेले, परीक्षकाच्या नजरेखाली. सहा तास ऐकायला किरकोळ वाटतात. पण हे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे पाठ असतात, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना द्यावे लागतात, प्रत्येकाचा लेखी आराखडा आधी द्यावा लागतो आणि प्रत्येकानंतर सहकारी आणि प्रशिक्षक मिळून त्याची चिरफाड करतात. शिवाय अनुभवी शिक्षकांचे पाठ पाहून टिपणं काढायची आणि चार लेखी स्वाध्याय लिहायचे. केंद्राबाहेरचा निरीक्षक येऊन सगळं तपासतो. पूर्ण वेळ केला तर साधारण चार आठवडे लागतात, आणि त्या चार आठवड्यांत दुसरं काहीही करता येत नाही. भारतातही केंद्रं आहेत, ऑनलाइन वर्गही निघाले आहेत. तिथेही शिकवायला खरे विद्यार्थीच असतात. फी लाखाच्या पुढे जाते, हे आधीच धरून चालावं.

प्रवेशासाठी पदवी सक्तीची नाही. बारावीनंतर विद्यापीठात जाता येईल इतपत शिक्षण आणि युरोपीय मोजपट्टीवर सी-१ किंवा त्यावरचं इंग्रजी एवढं लागतं. प्रवेशाआधी एक लेखी काम आणि मुलाखत असते. आयेल्ट्सच्या भाषेत सी-१ म्हणजे साधारण सात ते आठ बँड. ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा-संस्थेचं 'सर्ट-टेसॉल' हे प्रमाणपत्र याच तोडीचं आहे. तिथेही किमान १३० तास आणि त्यात सहा तास प्रत्यक्ष अध्यापन. ब्रिटनच्या पात्रता-चौकटीत दोन्ही पाचव्या पातळीवर आहेत. ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यतेने चालणाऱ्या ब्रिटनमधल्या भाषाशाळा नव्या शिक्षकाकडून याच पातळीची अपेक्षा ठेवतात. त्यावर सातव्या पातळीचे डेल्टा आणि ट्रिनिटीचा डिप-टेसॉल असतात. ते काही वर्षं शिकवून झालेल्यांसाठी, ज्यांना वर्गातून पुढे शिक्षक-प्रशिक्षणाकडे किंवा विभागप्रमुखपदाकडे जायचं आहे.

आपल्याकडच्या शिक्षकाला सेल्टात काय जड जातं? व्याकरण नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी आपल्याला व्याकरण भरपूर दिलं. जड जातं ते गप्प बसणं. आपल्या वर्गात शिक्षक बोलतो आणि मुलं लिहून घेतात. सेल्टाचा प्रशिक्षक मागे बसून शिक्षक किती मिनिटं बोलला आणि विद्यार्थी किती बोलले हे मोजतो. 'समजलं का?' हा आपला लाडका प्रश्न तिथे चालत नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला खरंच कळलं आहे का हे उघड होईल असा छोटा प्रश्न शोधावा लागतो. एखादं क्रियापद भूतकाळात वापरून दाखवलं, तर 'ही गोष्ट आत्ता चालू आहे की संपली?' असं विचारायचं. सूचना तीन वाक्यांत द्यायची. फळ्याचा आराखडा आधीच ठरवायचा. वर्गात इटालियन, जपानी, अरब असे सगळे एकत्र असतात, त्यामुळे कुणाच्याच मातृभाषेचा आधार नाही. मराठीत अर्थ सांगून पुढे जाण्याची सवय इथे पूर्ण मोडावी लागते. ती मोडताना त्रास होतो, पण याच त्रासातून शिकवणं शिकलं जातं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच बाजारातल्या स्वस्त ऑनलाइन टेफल, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या, प्रमाणपत्रांबद्दल इथे स्पष्ट बोललं पाहिजे. '१२० तासांचा कोर्स' हे शब्द अशा प्रत्येक जाहिरातीत दिसतात. हा आकडा सेल्टाच्या तासांवरून रूढ झाला. जाहिरातीतले १२० तास म्हणजे मात्र बहुधा संगणकावर वाचायची पानं आणि टिचक्या मारून द्यायच्या चाचण्या. त्यात एकही विद्यार्थी नसतो, एकही पाठ कुणी पाहिलेला नसतो. टेफल या नावावर कुणाची मालकी नाही आणि जगभरच्या अशा कोर्सेसना मान्यता देणारी एकच सर्वमान्य संस्था नाही. त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' हे शब्द कुणीही छापू शकतो, आणि मान्यता देणारी संस्था कधी कधी कोर्स विकणाऱ्यानेच काढलेली असते. अशा कोर्सवर व्हिसाचं काम काही देशांत निघून जातं, हे खरं. नवशिक्याला शब्दसंपदा आणि वाचनाची दिशाही मिळते. पण चांगला मुख्याध्यापक एकच प्रश्न विचारतो : प्रत्यक्ष शिकवताना तुम्हाला कुणी पाहिलं का, आणि किती तास? त्याचं उत्तर 'शून्य' असेल तर प्रमाणपत्राच्या कडेची सोनेरी वेलबुट्टी काही कामाची नाही. पैसे भरण्याआधी हाच प्रश्न आपण कोर्सवाल्याला विचारावा.

आखाती देशांत गणित पुन्हा बदलतं. ओमान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती इथल्या विद्यापीठांत पहिलं वर्ष बऱ्याचदा इंग्रजीच्या तयारीचं असतं, कारण पुढचं विज्ञान आणि अभियांत्रिकीचं शिक्षण इंग्रजीतून होतं. त्या तयारी-वर्षासाठी शिक्षक लागतात आणि तिथे भारतीयांना पूर्वापार स्थान आहे. अट असते ती पदव्युत्तर पदवीची : टेसॉल (इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र), उपयोजित भाषाशास्त्र किंवा इंग्रजीतली एम.ए., शिवाय काही वर्षांचा अनुभव. सेल्टा असेल तर पारडं जड होतं. इथे आपल्या विद्यापीठांतल्या एम.ए.ची एक उणीव जाणवते. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत एम.ए. इंग्रजी म्हणजे मुख्यतः साहित्याचा अभ्यास. मिल्टनपासून टोनी मॉरिसनपर्यंत सगळं वाचून होतं, पण १८ वर्षांच्या अरब मुलाला परिच्छेद लिहायला कसं शिकवायचं, हे कुठल्याच पेपरात येत नाही. भाषाशिक्षणाचा एखादा ऐच्छिक पेपर असतो, पण त्यात शिकवण्याचा सराव क्वचितच असतो. परदेशातल्या टेसॉलच्या एम.ए.तही तो असतोच असं नाही, तेव्हा प्रवेश घेताना अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वर्ग आहे का ते पाहून घ्यावं. ब्रिटनमध्ये ही पदवी साधारण एका वर्षात, अमेरिकेत दोन वर्षांत होते.

देशातच राहून हे शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद आहे. तिथे १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली, ती खास इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी. २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. आज इफ्लू या नावाने ओळखली जाते. इंग्रजी अध्यापनातले तिचे पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम देशभरच्या प्राध्यापकांनी केले आहेत. ब्रिटिश नावाच्या प्रमाणपत्राइतकी त्यांना परदेशी जाहिरातींत ओळख नाही, हे मान्य करावं लागेल, पण भाषाशिक्षणाची वैचारिक बैठक त्यांतून जितकी पक्की होते तितकी चार आठवड्यांत होणं शक्य नाही.

आखातातल्या शाळांचा मामला मात्र विद्यापीठांसारखा नाही. तिथे सीबीएसईशी संलग्न बऱ्याच शाळा आहेत. त्यांत इंग्रजी हा विषय शिकवायला आपल्याकडच्यासारखीच पदवी आणि बी.एड. लागतं. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या, म्हणजे आयबी किंवा केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळा आपापल्या देशाचं शिक्षक-पात्रतेचं प्रमाणपत्र मागतात : ब्रिटिशाकडून क्यूटीएस, अमेरिकनाकडून त्याच्या राज्याचा परवाना, भारतीयाकडून बी.एड. सेल्टा या शाळांना पुरेसा वाटत नाही, कारण तो प्रौढांना भाषा शिकवण्यासाठी बेतलेला आहे. नेट-सेट ही आपल्या महाविद्यालयांतल्या नेमणुकीची पात्रता. परदेशी शाळेला तिचा अर्थ समजावून सांगण्यात वेळ घालवू नये.

आता सात देशांच्या यादीकडे परत जाणं भाग आहे. इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा तोच तिचा उत्तम शिक्षक, ही समजूत आली कुठून? ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात तिचा माग १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेपर्यंत काढला. साम्राज्य मावळत असताना इंग्रजी शिक्षणाची धोरणं तिथे ठरली आणि आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजीभाषक, हे गृहीत त्यांच्या मुळाशी होतं. फिलिपसन यांनी त्याला भ्रम म्हटलं. हंगेरीच्या पीटर मेद्येश यांनी १९९४ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. इंग्रजी कष्टाने शिकलेला शिक्षक विद्यार्थी कुठे अडेल हे आधीच ओळखतो, कारण तो स्वतः तिथे अडलेला असतो, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकेतल्या टेसॉल या शिक्षक संघटनेने २००६ मध्ये मातृभाषेवरून शिक्षकांत भेद करण्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. व्हिसाचे नियम तरीही फारसे हलले नाहीत.

मेद्येश यांच्या मुद्द्यात आपण एक दुरुस्ती करून घ्यायला हवी. हंगेरीतला शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी यांची मातृभाषा एक असते. हनोईतल्या वर्गात उभ्या असलेल्या मराठी शिक्षकाला तो फायदा नाही. तरीही त्याच्याकडे काही आहेच. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदं नाहीत. जपानी, कोरियन, थाई या भाषांतही नाहीत. उपपद कुठे घालायचं हे इंग्रजाला कळतं, पण का घालायचं हे त्याने कधी विचारलेलं नसतं. आपण ते नियमाने शिकलेलो असतो आणि चुकतमाकत पक्कं केलेलं असतं. ओठांनी काढायचा डब्ल्यू आणि दात टेकवून काढायचा व्ही यांतला फरकही आपल्याला मुद्दाम शिकावा लागला. असा शिक्षक वर्गात समजावण्याच्या बाबतीत कमी पडत नाही. उच्चारांवर मात्र त्याने काम केलेलं असावं : ब्रिटिश किंवा अमेरिकन होण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या देशातल्या नवशिक्याला शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून.

आणि या विद्येत भारताने फक्त शिष्यत्व केलं असं कुणी समजू नये. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र बऱ्याच अंशी इथल्या वर्गांत घडलं. मायकेल वेस्ट यांनी मोजक्या शब्दांवर आधारलेली वाचनमाला तेव्हा भारतात असलेल्या ढाक्यातल्या बंगाली मुलांना शिकवताना तयार केली. आज जगभरची सोप्या इंग्रजीतली पुस्तकं त्याच कल्पनेवर उभी आहेत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवायचे आणि मुलांना नकाशा वाचणं, रेल्वेच्या वेळापत्रकावरून उत्तर काढणं अशी कामं इंग्रजीतून द्यायची. काम सोडवता सोडवता भाषा येते का ते पाहायचं. 'बंगळूर प्रकल्प' या नावाने तो ओळखला जातो आणि १९८७ च्या प्रभूंच्या पुस्तकामुळे तो जगभर गेला. सेल्टा किंवा एम.ए. टेसॉल करणारा विद्यार्थी आज कृतीवर आधारलेल्या अध्यापनाचा धडा वाचतो, तेव्हा त्यात प्रभूंचं नाव येतं. ज्या देशाच्या शाळांतून हे शास्त्र निघालं, त्या देशाचा पासपोर्ट काही देशांच्या यादीत बसत नाही, हा अन्यायच आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

शेवटी कागदांचं. पात्र असूनही लोक अडकतात ते इथे. परदेशात पदवी दाखवायची तर ती प्रमाणित करून घ्यावी लागते. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग कराराचा सदस्य आहे. कोरिया, जपान, ओमान या सदस्य देशांसाठी राज्याच्या पातळीवर पडताळणी झाली की परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशासाठी त्यापुढे वकिलातीचंही साक्षांकन लागतं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. तो आणि आयेल्ट्सचे गुण फार आधी काढून ठेवू नयेत, कारण जुना दाखला चालत नाही आणि आयेल्ट्सचे गुण दोन वर्षांनी बाद होतात. दूरस्थ शिक्षणाने घेतलेल्या पदवीबाबत आखातातल्या काही देशांत अडचण येते, तेव्हा त्याची चौकशी अर्जाआधीच करावी.

नावाचा घोळ तर महाराष्ट्राचा खास. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, काही विद्यापीठांत त्यापुढे आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेल्या स्त्रियांच्या पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. परदेशी अधिकाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे हे पटत नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. राजपत्रातली नाव-बदलाची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला आणि गरज पडली तर प्रतिज्ञापत्र हे आधीच तयार ठेवावं. दुसरी सवय दीक्षान्त प्रमाणपत्राची. आपल्याकडे नोकरी गुणपत्रिका आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर मिळून जाते, म्हणून पुष्कळ पदवीधरांनी मूळ पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून कधी आणलेलंच नसतं. व्हिसा खातं आणि अपोस्टिल या दोन्हींना तेच लागतं, आणि अर्ज केल्यापासून ते हातात पडेपर्यंत वेळ जातो. परदेशात शिकवण्याचा विचार मनात असेल, तर ज्या देशात जायचं आहे त्याच्या व्हिसा खात्याचा नियम स्वतः वाचा, कोर्सची फी त्यानंतर भरा, आणि त्याआधी विद्यापीठात अर्ज करून पदवी प्रमाणपत्र ताब्यात घ्या.